चकती नसतानाही दिसलेला हिरवा

शामरावभाऊ, गेल्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी खोटं बोलले. म्हणजे जे बोलले ते खरंच होतं, पण जे बोलायला हवं होतं ते गिळून टाकलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मॅडम, अर्धी वही कोरी सोडून राह्यल्या तुमी."

मांडव भरला होता. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं आणि मग 'दोन शब्द' सुरू झाले. तुमच्या वस्तीतले, कॉलेजातले, भजनी मंडळातले, सगळे उठून एकच सांगत होते की शामराव आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, काय सांगता! या माणसानं पंधरा वर्षं, दर बुधवारी, अकरा ते एक, माझ्या प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून धडधडीत खोटं सांगितलं आहे. आणि भन्तेजींकडून खोटं न बोलण्याचं चौथं शील घेताना याचाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, मग पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात सुमनवहिनी जवळ आल्या. माझा हात धरून चारचौघांत म्हणाल्या, "ते नेहमी म्हनत, मॅडमनं माहे डोये वाचवले." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. विनय कसला डोंबलाचा! तुमचे डोळे वाचवायला मी दोन वर्षं उशीर केला होता, आणि हे मी कोणालाच, तुम्हालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

म्हणून आता लिहायला बसले आहे. मी तोंडाची फटकळ हे तुम्ही जाणता. ज्याला जे सुनवायचं ते तिथल्या तिथं सुनवते. फक्त हे एवढं मात्र सांगायचं राहिलं.

बावीस वर्षांपूर्वी मी आपल्या तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर मानसशास्त्र शिकवायला आले तेव्हा मला पुस्तकातलं सगळं येत होतं आणि हातातलं काहीच येत नव्हतं. पहिल्या वर्षाचा पेपर होता वेदन आणि संवेदन. डोळ्याला, कानाला, कातडीला जे येऊन लागतं ते वेदन, आणि मन त्याचा जो अर्थ लावतं ते संवेदन. हे मी फळ्यावर झोकात लिहिलं. पण पहिल्याच प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, आणि मी ती लोखंडी कमान उलटी जोडून ठेवलेली! तुम्ही प्रयोगशाळेच्या शिपायाचं फडकं घेऊन आलात, "साहेब, धूळ लय झाली," म्हणत पाच मिनिटं कमान पुसत राहिलात, आणि पुसता पुसता ती सुलटी केलीत. परीक्षकांना पत्ता लागला नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की या विभागाचे प्रमुख कोण आहेत.

ती कमान तुमची लाडकी. अर्ध्या वर्तुळाची पट्टी, तिच्यावर अंशांच्या खुणा, मध्ये एक पांढरा ठिपका, समोर हनुवटी टेकायला लाकडी बैठक. एक डोळा झाकायचा, दुसरा त्या ठिपक्यावर रोखायचा. मग प्रयोग करणारा विद्यार्थी एक रंगीत चकती कमानीच्या टोकाकडून हळूहळू आत सरकवणार. ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो, म्हणजे आपल्या भाषेत प्रयुक्त, चकतीचा रंग दिसताच 'दिसला' म्हणणार. डोळा सरळ समोर ठेवून बाजूचं किती दिसतं, याचं ते माप. निळा लवकर दिसतो, हिरवा सगळ्यांत उशिरा. चकती बसवायचा सरकता घोडा दर पाच अंशांना 'टक्' वाजायचा. तुम्ही त्याला तेल घालायचात, पण तो वाजायचा काही थांबला नाही.

प्रयोगाला जोडी लागते. पोरांची संख्या विषम निघाली की एक जण उरायचा, आणि उरायची ती हमखास एखादी खेड्यातून एकटी आलेली, भिऊन दाराशी उभी राहिलेली पोरगी. तिला तुम्ही म्हणायचात, "ये वं माय, मी बसतो खुर्चीत. तू घोडा सरकव, भेव नोको." अशा शेकडो पोरींचे तुम्ही प्रयुक्त झालात. जर्नलच्या पानावर 'प्रयुक्ताचे नाव : शामराव काका' असं लिहून यायचं. आडनाव लिहायला सांगून सांगून मी दमले. प्रयोग संपला की तुम्हाला एक पारलेचा पुडा द्यायचा, ही पोरींनीच पाडलेली रीत. तुम्ही तो पुडा लगेच फोडून सगळ्यांना वाटायचात.

आणि तुमचे आकडे! कमाल होती. पुस्तकात जिथं हिरवा, तिथंच तुमचा हिरवा. जिथं निळा, तिथं निळा. एका अंशाचा फरक नाही.

सहा वर्षांपूर्वीचा तो बुधवार आठवतो ना? नसरीन नावाची पोरगी, आर्णीच्या मोटार मेकॅनिकची लेक. बापासारखीच प्रत्येक स्क्रू दोनदा तपासणारी. ती जर्नल घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, एक गलती झाली. मी घोड्याला चकती लावायलाच विसरली."

"मग पुन्हा कर. त्यात रडायचं काय?"

"रडून नाही राह्यली, मॅडम. चकती नव्हती, तरी काकाला हिरवा दिसला. बरोबर पुस्तकात हाय तिथंच दिसला. आता निष्कर्षात काय लिहू?"

मी तिच्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीशी पारलेचा पुडा फोडत होता.

पोरं गेल्यावर मी तुम्हाला फैलावर घेतलं. काय काय बोलले, आज आठवलं तरी लाज वाटते. पोरांना फसवता, शास्त्राची थट्टा करता, वगैरे वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग अगदी हळू म्हणालात, "मी टक् मोजतो, मॅडम. दहाव्या टकाले हिरवा. पाठ हाय मले."

"पण काहून, शामरावभाऊ? काहून?"

"तुमच्याच पहिल्या साली एका पोट्टीनं माहे खरे आकडे लिहले होते. पुस्तकापेक्षा उलिसे कमी होते. तुमी लाल पेन मारला. 'निष्कर्ष चुकीचा, प्रयोग पुन्हा करा.' थे पोट्टी जिन्याखाली बसून लय रडली. तिची गाडी चुकली त्या दिवशी. मंग म्या म्हटलं, माह्या डोयापायी कोनाची पोट्टी कायले रडावी?"

मला तो लाल पेन आठवला नाही. आजही आठवत नाही. पण तो माझाच असणार यात शंका नाही, कारण त्या वयात मी तशीच होते.

मग मी तुम्हाला पुन्हा खुर्चीत बसवलं, हिरवी चकती घोड्याला न लावता नुसती हातात धरली आणि आवाज न करता कमानीवरून आत आणू लागले. पुस्तकातला हिरवा गेला. निळ्याची जागा तर केव्हाच मागे पडली. अर्ध्याहून जास्त कमान संपली. तुम्ही ठिपक्याकडे पाहत शांत बसला होता, जसं काही मी अजून सुरुवातच केली नव्हती. चकती जवळजवळ ठिपक्याला टेकली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हां, आता दिसला." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. सगळ्या दिशांचे ठिपके कागदावर जोडले, तर तुमच्या साऱ्या दिसण्याचं वर्तुळ माझ्या तळहाताखाली झाकलं गेलं.

मग मला एकेक आठवत गेलं. महिन्यापूर्वी कपाटाच्या उघड्या दारावर तुमचं कपाळ आपटलं तेव्हा मी "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" म्हणून ओरडले होते. तुम्ही सायकल सोडून जीपनं येऊ लागलात, तेव्हा "म्हातारे झालात" म्हणून चिडवलं होतं. आणि त्याच महिन्यात वर्गात, फळ्यावर, मोठ्या अक्षरांत लिहून शिकवलं होतं : डोळ्याला जिथलं दिसत नाही ती जागा मेंदू स्वतःच भरून काढतो, म्हणून आपल्याला काही कमी दिसतंय हे कळत नाही. तुम्ही तेव्हा मागच्या बाकावर डस्टर झटकत होता.

यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो ती एसटीतली बडबड मला पाठ आहे. मी म्हटलं, "बाजूचं काही दिसत नाही हे घरी तरी सांगायचं!" तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "मले वाटे, सगळ्याइले असंच दिसते."

"आणि पुस्तकातले आकडे?"

"म्या म्हटलं, तेबी कोनी माह्यासारखेच पाठ करून लिहले असन."

मी इतकी हसले की कंडक्टर वळून पाहायला लागला. पंधरा वर्षं वेदन-संवेदन शिकवून जी गोष्ट मला एका वाक्यात नीट सांगता आली नव्हती, ती तुम्ही एसटीत सांगून मोकळे झालात. दुसऱ्याला काय दिसतं ते कोणालाच दिसत नाही. विचारावं लागतं, आणि विचारलं तर ऐकून घ्यावं लागतं. मी विचारलं होतं आणि लाल पेन मारला होता.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, राहिली ती थेंबांनी राखता येईल. आणि मग सहज म्हणून म्हणाले, "दोन वर्षं आधी आले असते तर बरंच वाचलं असतं." तुम्ही मान डोलावली.

आता ते राहिलेलं सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी कॉलेज तपासायला समिती येणार होती. मी जुनी जर्नलं लावत बसले होते. तीस पोरींची जर्नलं, आणि तीसही पानांवर तुमचे तेच आकडे. माणसाचा डोळा असा वागत नाही, भाऊ. सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरं. मला त्या दिवशी कळलं की यात काहीतरी चूक आहे. मी जर्नल हातात धरून थांबले. विचारायचं म्हटलं असतं तर तुम्ही दहा पावलांवर होता. पण समितीला नेटके आकडे आवडतात. समितीनं शाबासकी दिली, माझी कायम नेमणूक झाली, आणि मी ते तुमचं पाठांतर पुस्तकांच्या कपाटात बंद करून टाकलं. मला दिसलं होतं. मी 'दिसलं' म्हटलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं तुम्ही मला लाजवण्यासाठीच जगलात की काय कोण जाणे! निवृत्त झालात तरी दरवर्षी पहिल्या बुधवारी वहिनींचा हात धरून हजर. खुर्चीत बसून पोरांना सांगणार, "मी सांगन थेच लिहा. पुस्तकात पाहू नोका." पोरं तुमचं ते तळहाताएवढं वर्तुळ काढत आणि त्यांचे चेहरे बदलत. दोघांनी घरी जाऊन आपापल्या बापाला दवाखान्यात नेलं. माझ्या पुस्तकी बडबडीनं बावीस वर्षांत कोणी कोणाला कुठं नेलं नव्हतं. थेंब तुम्ही एकदाही चुकवले नाहीत. तेवढ्याशा नजरेत नातीचं नाक कसं अगदी सुमनवहिनींवर गेलंय ते पाहिलंत, आणि दर भेटीला मला ऐकवलंत.

आणि भांडणं! ते एक भांडण तर अर्धंच राहिलं. तुम्ही विचारायचात, "मॅडम, जिथं मले दिसत नाई, तिथं कायं नाई, पांढरं नाई. मंग काय हाय?"

"मेंदू भरून काढतो."

"कायनं भरते?"

"आजूबाजूला जे असेल त्यानं, सवयीनं."

"मंग तुमी माह्या बाजूले येऊन बसल्या, तं माहा मेंदू तिथं रिकामीच खुर्ची भरन का?"

"भरेल."

"मंग तो बेकार हाय," असा तुमचा निकाल. "मानूस बसलेला कयत नाई त्याले!" मी पुढच्या वेळी याचं उत्तर वाचून येईन म्हणाले होते. वाचलं होतं, भाऊ. नीट उत्तर सापडलं नव्हतं, आणि तेवढ्यात तुम्हीच उठून गेलात.

रविवारी वहिनींकडे गेले. ठरवूनच गेले होते. चहा ठेवायला उठल्या त्यांना खाली बसवलं आणि समितीचं, जर्नलांचं, दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मी डोळे वाचवले नाहीत, वहिनी. मला आधीच कळलं होतं आणि मी गप्प राहिले."

वहिनींनी पदरानं माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "मालूम होतं त्याइले."

"काय मालूम होतं?"

"तुमी वह्या पाहून थांबल्या होत्या म्हने. ते तिथंच होते न, खिडक्या पुसून राह्यले होते. घरी येऊन म्हने, सुमन, आज मॅडमले कयलं. आता पोट्ट्याइचे मार्क जातीन. रातभर झोपले नाईत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हने, मॅडम काईच बोलल्या नाईत वं. पोट्ट्याइसाठी चूप राह्यल्या. लय मोठ्या मनाची बाई हाय."

मी म्हटलं, "वहिनी, मी पोरांसाठी गप्प नव्हते राहिले. माझ्या नोकरीसाठी राहिले."

त्या उठून चुलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हे मी त्याइले आता कसं सांगू? राहू द्या. चहा घ्या."

काय म्हणू तुम्हाला! तुमच्या त्या एवढ्याशा वर्तुळात मी बसले होते, अगदी समोर, जिथं तुम्हाला स्वच्छ दिसायचं. आणि तिथंसुद्धा तुम्ही मला पाहिलं ते तुमच्या मापानं. जिथं माझा स्वार्थ होता ती जागा तुमच्या मेंदूनं भरून काढली, तुमच्याजवळ जे होतं त्यानं. 'बेकार हाय' म्हणालात ना त्याला? मागे घ्या ते. आठ वर्षं तुम्ही मला आहे त्याहून चांगली बाई समजून वागवलंत, आणि त्या वागवण्यानं मी थोडीफार तशी झालेही असेन. याबद्दल कोणत्या तोंडानं आभार मानू ते कळत नाही, पण मानते. हात जोडून मानते.

आज बुधवार. यंदाच्या पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक. संख्या विषम निघाली, आणि एक पोरगी उरली, राळेगावकडची, दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी. सगळ्यांची नजर तुमच्या खुर्चीकडे गेली. मी म्हटलं, "ये गं माय, मी बसते. तू घोडा सरकव."

बावीस वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. हनुवटीच्या लाकडाला तुमच्या हनुवटीनं खळगा पडला आहे, माहीत आहे तुम्हाला? मी डावा डोळा झाकला. पोरीनं हिरवी चकती लावली, मी तिला दोनदा तपासायला लावली. मग तिनं कागदावरून सूचना वाचली : समोरच्या ठिपक्याकडे पाहा, नजर हलवू नका, रंग दिसताच 'दिसला' म्हणा.

टक्. टक्. मी मोजायचं नाही म्हणून ठरवलं होतं, तरी मोजत गेले. सात, आठ, नऊ. दहा. पोरगी थांबली. तिनं पुस्तक आधीच वाचलेलं असणार, कारण माझं उत्तर यायच्या आत तिच्या पेन्सिलीचा आवाज कागदावर आला. माझ्या ओठांवर तो शब्द तयार होता. समोर फक्त पांढरा ठिपका होता.

"खोड ते," मी म्हटलं. "मला अजून नाही दिसला."